एडिस्टनची बत्ती आणि पाण्यात घट्ट होणारा चुना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ बंदर आहे, तिथून समुद्रात साधारण २० किलोमीटरवर एडिस्टन नावाचे खडक आहेत. भरती आली की ते जवळजवळ सगळे पाण्याखाली जातात, त्यामुळे रात्रीच्या अंधारात बंदराकडे येणारी जहाजं नेमकी त्यांच्यावर आदळून फुटायची. अशा जागी दीपगृह बांधायचं म्हणजे काय, तर ओहोटीचे मोजके तास, तेसुद्धा समुद्र शांत असेल तर, तेवढ्यात बोटीतून उतरून खडक फोडायचा आणि भरतीच्या आत परत निघायचं.

पहिलं दीपगृह हेन्री विन्स्टनली या माणसाने १६९८ मध्ये उभं केलं. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १७०३ च्या भयंकर वादळात ते रातोरात वाहून गेलं आणि डागडुजीसाठी तिथेच मुक्कामाला असलेला विन्स्टनली पण त्याच्यासोबत गेला. मग रडयर्ड नावाच्या रेशीम व्यापाऱ्याने मुख्यतः लाकडाचं दीपगृह उभारलं, ते मात्र १७०९ पासून ४६ वर्षं टिकलं, आणि १७५५ च्या डिसेंबरमध्ये वरच्या कंदिलाच्या खोलीला आग लागून जळालं. चारही बाजूंनी समुद्र आणि आग विझवायला पाणी बादलीने वर फेकावं लागतंय, विचार करा. हेन्री हॉल नावाचा राखणदार, वय ९४ म्हणतात, वर बघत पाणी फेकत होता आणि छताचं वितळलेलं शिसं त्याच्या तोंडात पडलं. तो सांगत राहिला की शिसं माझ्या पोटात गेलंय, कुणाला खरं वाटेना. बारा दिवसांनी तो गेला आणि पोटातून खरोखरच सुमारे २०० ग्रॅमचा शिशाचा गोळा निघाला. तो एडिंबरामधल्या म्युझियममध्ये आजही ठेवलेला आहे.

यानंतर काम आलं जॉन स्मीटनकडे. वय फक्त ३१, मूळचा धंदा उपकरणं बनवायचा. त्याने ठरवलं की टॉवर पूर्ण दगडी हवा आणि त्याचा आकार ओक झाडाच्या बुंध्यासारखा, खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे वजन तळाशी राहील. दगड नुसते एकावर एक रचले नाहीत, ड्रॉवरच्या कोपऱ्यात सुतार जो डव्हटेल जॉइंट मारतो ना, पंख्यासारखी पसरलेली खाच, तशा खाचा प्रत्येक दगडाला पाडून शेजारच्या दगडात अडकवल्या, आणि वरचा थर खालच्यावरून सरकू नये म्हणून मध्ये संगमरवराचे खुंट बसवले.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट चुन्याची आहे. साधा चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, पाण्याखाली त्याला ती हवाच मिळत नाही, मग तो मऊच राहतो आणि वाहून जातो. स्मीटनने वेगवेगळ्या ठिकाणचे चुनखडक आणून भाजले, त्या चुन्याचे साधारण दोन इंची गोळे वळून पाण्यात टाकले आणि कुठला कडक होतो ते बघत बसला. मग चांगल्या निघालेल्या चुनखडकाचा तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवला तर खाली गाळ उरला, गाळाचा गोळा करून भाजला तर चक्क विटेसारखा लालसर झाला. म्हणजे ती चिकणमाती होती! तोपर्यंत लोक समजत होते की जितका दगड कठीण तितका चुना चांगला, इथे कळलं की माती मिसळलेला चुनखडकच पाण्यात टिकतो. कारण चुना आणि मातीतलं सिलिका एकत्र भाजलं की जे संयुग तयार होतं ते पाण्याशीच रिॲक्शन करून घट्ट होतं, हवेची गरज पडत नाही. आपल्याकडे जुने गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड घालायचे, त्यामागेही हीच केमिस्ट्री आहे, भाजलेली माती आणि चुना. स्मीटनने वेल्सच्या ॲबरथॉचा चुना आणि इटलीची ज्वालामुखीची राख वापरली. आजच्या सिमेंटकडे जाणारी वाट इथूनच निघाली.

१६ ऑक्टोबर १७५९ ला तिथे २४ मेणबत्त्या पेटल्या. फक्त २४ मेणबत्त्या, पण दर्यावर्दी माणसाला तेवढ्याही खूप होत्या.

टॉवर सव्वाशे वर्षं जवळपास तसाच उभा राहिला, आणि शेवटी दगा दिला तो खालच्या खडकाने. लाटांनी तो खालून पोखरला, मोठी लाट आली की टॉवर हादरायचा. म्हणून शेजारच्या खडकावर जेम्स डग्लस यांनी नवा, उंचीला दुप्पट टॉवर बांधला, १८८२ मध्ये त्याची बत्ती लागली. त्यात एक सुधारणा पण होती, स्मीटनच्या बाकदार पायथ्यावरून लाटा टॉवरवर वर चढायच्या, म्हणून डग्लसनी खाली सरळ गोल चौथरा केला, लाट त्याच्यावर आपटते आणि तिथेच फुटते.

जुन्या टॉवरचा वरचा भाग उतरवून प्लिमथला किनाऱ्यावर पुन्हा जोडला, आत जाऊन वरपर्यंत चढता येतं. खालचा बुंधा मात्र इतका घट्ट बसलाय की तो काढता येईना, तिथेच सोडून दिला. नव्या दीपगृहाच्या शेजारी अजून तो तसाच लाटा झेलत उभा आहे.