घाम गाळला म्हणजे चरबी गेली? नाही हो

माळेगावच्या यात्रेत घोडे बघायला गेलं की कुणीतरी सांगतंच, जॉकी (शर्यतीत घोड्यावर बसणारा) व्हायचंय ना, मग रेनकोट घालून पळ, पाणी बंद कर, दोन दिवसात दोन किलो उतरतात. तालमीतली पोरं पण हेच करायलेत, तेही मे महिन्यात, नांदेडच्या उन्हात!

काटा खाली येतो हे खरंय, पण गेलं ते पाणी. एक लिटर घाम म्हणजे साधारण एक किलो, तांब्याभर पाणी पिलं की परत हजर. एक किलो चरबी जाळायला अंदाजे ७७०० कॅलरी लागतात, ती रेनकोटनं एका दिवसात कशी जाणार?

आणि जॉकीचं वजन खोगिरासकट शर्यतीच्या आधी होतं अन् नंतर परत होतं, म्हणजे मधे पाणी पिऊन सावरायला वेळच नसतो, ५० किलोच्या पोराचं एक किलो पाणी गेलं म्हणजे दोन टक्के, तेवढ्यावर पण दम लागायला लागतो, चक्कर येते, लगामावरचा हात ढिला पडतो, अन् खाली घोडा सुसाट. अमेरिकेत १९९७ मध्ये असंच वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान जिवानिशी गेले. लघवीच्या गोळ्या तर नकोच, किडनीचे वांदे, वर डोपिंगमध्ये (खेळात चालत नाहीत अशी औषधं घेणं) बंदी.

वजन हळूहळू उतरवा, आठवड्याला अर्धा किलो पुरे. भाकरी बंद नाही करायची, दोनाची एक करा, सोबत मटकीची उसळ, अंडी, वरण. शर्यतीच्या आदल्या दिवशी लोणचं-पापड बाजूला (खारटानं पाणी धरतं), अन् पाणी घोट घोट चालू ठेवा.