पटवून देणारे लेखन-भाषण आणि चित्रपुस्तके

चित्रपुस्तक मोठ्याने वाचायचे, त्यातले पात्र दुसऱ्याचे मन कसे वळवते ते मुलांनी हेरायचे आणि मग स्वतःची मागणी तशीच बोलून व लिहून मांडायची, अशी ही प्राथमिक वर्गातील अध्यापनपद्धती. अमेरिकेत ती विशेष रुजली आहे. तेथील 2010 च्या ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासक्रमाच्या निकषांत बालवाडीपासून पाचवीपर्यंत ‘मत मांडणारे लेखन’ हा स्वतंत्र प्रकार आहे. सहावीपासून त्याची जागा युक्तिवाद घेतो.

सगळे काही पुस्तकाच्या निवडीवर अवलंबून असते. गोष्टीत कोणाला तरी काहीतरी हवे असावे आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा. नकार नसलेल्या गोष्टीतून मूल फक्त मागायला शिकते. डोरीन क्रोनिन (लेखन) व बेट्सी लेविन (चित्रे) यांच्या ‘क्लिक, क्लॅक, मू’ (2000) मध्ये गायी टंकलेखन यंत्रावर शेतकऱ्याला चिठ्ठी लिहितात: गोठ्यात रात्री थंडी वाजते, विजेवर तापणारी पांघरुणे हवीत. तो नाकारतो, गायी दूध बंद करतात आणि शेवटी देवाणघेवाणीवर तडजोड ठरते. मागणी, कारण, नकार आणि तोडगा एवढे सगळे एका छोट्या पुस्तकात मिळते. मो विलेम्स यांच्या ‘डोन्ट लेट द पिजन ड्राइव्ह द बस!’ (2003) मधले कबुतर मात्र बस चालवू द्या म्हणून विनवते, लालूच दाखवते, शेवटी आकांडतांडव करते. हे पुस्तक दुबळ्या कारणांचा नमुना म्हणून वापरावे. पहिला धडा म्हणून घेतले, तर मुले तीच रडारड वहीत उतरवतात.

एका पुस्तकाला चार-पाच तासिका लागतात. पहिले वाचन न थांबता करावे. गोष्टीची गोडी तुटली की पुढचे काम कोरडे होते. दुसऱ्या वाचनात नकाराच्या पानावर पुस्तक मिटून विचारावे, ‘हे कारण का चालले नाही?’ उत्तरे फळ्यावर दोन रकान्यांत घ्यावीत: मागणाऱ्याचा फायदा आणि ऐकणाऱ्याचा फायदा. दुसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो, आणि खरे शिकवणे तिथून सुरू होते. त्यानंतर जोड्या पाडून एकाने मागावे, दुसऱ्याने नकार द्यावा, दोन मिनिटांनी भूमिका बदलाव्यात. लेखन त्यानंतरच. जे कारण तोंडी टिकले नाही ते कागदावरही टिकत नाही, हे मुलांना बोलतानाच कळलेले असते. पत्राचा सांगाडा सोपा ठेवावा: मत, दोन कारणे, प्रत्येकाला एक उदाहरण, समोरच्याची एक संभाव्य हरकत व तिचे उत्तर. पहिली-दुसरीत हरकत गाळली तरी चालते.

नेहमीची चूक म्हणजे एकच कारण तीन प्रकारे लिहिणे: ‘मजा येईल’, ‘आनंद होईल’, ‘आम्हाला आवडेल’. ‘यामुळे काय बदलेल?’ असे प्रत्येक वाक्याला विचारले की पुनरुक्ती उघडी पडते. दुसरी अडचण विषयाची. ‘झाडे वाचवा’ यावर मुले घोषणा लिहितात, कारण निर्णय घेणारा माणूस डोळ्यांसमोर नसतो. ‘मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवा’ हे मुख्याध्यापकांना लिहायचे असले, की मूल त्यांच्या अडचणींचा विचार करू लागते. पत्र खरोखर पोचवावे आणि कारणासहित उत्तर मिळवावे, मग ते नकाराचे का असेना.

महाराष्ट्रात दहावीच्या मराठीत मागणीपत्र व विनंतीपत्र असते, पण ते बहुधा मायन्यापासून शिकवले जाते आणि कारणे साच्यातली येतात. वक्तृत्व स्पर्धांतील पाठ केलेल्या भाषणांचेही तेच. तिथे हरकत घेणारा कोणी नसतो. तिसरी-चौथीत या पद्धतीला जागा देता येते. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य मिळतात, त्यांतून नकार असलेल्या गोष्टी निवडाव्यात. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकांवरून चित्रे दिसत नाहीत, म्हणून मुलांना जमिनीवर अर्धवर्तुळात बसवावे किंवा दोन गटांत वाचन घ्यावे, आणि पात्रांच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत तक्त्यावर लिहून भिंतीला लावाव्यात.