गोळा आला की स्नायू फाटला?

२६ जानेवारी २०१४, मेलबर्न. ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्याआधी स्टॅन वावरिंका राफाएल नदालशी १२ वेळा खेळला होता आणि बाराही वेळा हरला होता, तेही एकही सेट न जिंकता. त्या संध्याकाळी पहिला सेट त्याने ६-३ असा घेतला. दुसऱ्या सेटमध्ये पाठीच्या दुखण्यामुळे नदाल उपचारासाठी आत गेला. कशासाठी थांबवलंय ते मला सांगा, म्हणून इकडे वावरिंका पंचांशी हुज्जत घालत होता. तिकडे नदाल परतला तर स्टेडियममध्ये हुर्यो. मग नदालची सर्व्हिस इतकी मंदावली की सोंग म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. पुढे त्यानेच तिसरा सेट घेतला, तेव्हा खरंच दुखतंय म्हणणाऱ्यांची झाली. अखेर वावरिंका ६-३, ६-२, ३-६, ६-३ असा जिंकला.

असा अनपेक्षित निकाल लागला की टेनिसप्रेमींत जो वाद पेटतो त्यात दोन गोष्टींची हमखास गल्लत होते: पायात गोळा येणं आणि स्नायू ताणला जाऊन फाटणं. टीव्हीवर दोन्ही सारखंच दिसतं. खेळाडू थांबतो, मांडी धरतो, लंगडतो, आपल्या माणसांकडे हताशपणे बघतो. शरीरात मात्र घडतं ते जवळजवळ उलट, आणि नियमही दोघांना वेगवेगळे आहेत.

आत काय होतं

गोळा किंवा पेटका येतो तेव्हा स्नायू शाबूत असतो. तो आखडतो आणि सुटायचं नाव घेत नाही, एवढंच. बिघाड आज्ञेत असतो. थकलेल्या स्नायूला आकसण्याचे संदेश मिळत राहतात आणि सैल पडण्याचे कमी होतात. घामावाटे पाणी आणि मीठ जाणं हे जुनं कारण अजूनही सांगितलं जातं आणि उष्ण, दमट हवेत त्याचा वाटा असतोच. पण निव्वळ मिठाचा तुटवडा म्हटलं तर दोन प्रश्न उरतात: सगळ्या अंगातलं मीठ कमी झालं असताना एकाच पोटरीला गोळा का, आणि ती पोटरी नुसती ताणून धरली की लगेच आराम कसा पडतो? लोणच्याचं आंबट खारट पाणी पिणारे खेळाडू हल्ली सर्रास दिसतात. ते पाणी रक्तात उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आतच आराम पडतो, म्हणून त्याचा परिणाम घशातून जाणाऱ्या संवेदनेमुळे होत असावा असं मानलं जातं. मानसिक ताण हेही खरं कारण आहे. २०२३च्या फ्रेंच ओपन उपांत्य सामन्यात कार्लोस अल्काराझच्या अंगात गोळे आले तेव्हा जेमतेम दोन सेट झाले होते. समोर जोकोविच असल्याच्या दडपणामुळे ते झालं, असं त्याने स्वतःच सांगितलं.

फाटण्यात स्नायूचे तंतू प्रत्यक्ष तुटतात. स्नायू लांब होत असतानाच त्याला जोर लावून ब्रेक मारावा लागतो, तेव्हा हे बहुतेकदा होतं. कोपऱ्यातल्या चेंडूसाठी पाय लांब टाकून सरकताना मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग; दिशा बदलताना जांघेतला; ड्रॉप शॉटकडे (जाळ्याजवळ अलगद टाकलेल्या चेंडूकडे) झेप घेताना पोटरीचा. सर्व्हिसमध्ये आधी शरीर मागे कमानीसारखं वाकतं आणि मग झटक्यात पुढे येतं, त्यात पोटाचा सरळ स्नायू फाटतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बहुधा डाव्या बाजूचा फाटतो. थोडे तंतू तुटले तर पहिली श्रेणी, एक ते तीन आठवडे. बरेच तुटले तर दुसरी, महिना ते दोन महिने. पूर्ण तुटला तर तिसरी, कित्येक महिने आणि कधी शस्त्रक्रिया. पाठीचं दुखणं, उसण भरणं, घोटा मुरगळणं या दोन्हींहून निराळ्या गोष्टी आहेत. नदालची ती पाठ या जोडीत बसत नाही, पण सोंग की खरं हा वाद तिथेही तोच होता.

टीव्हीवर काय बघायचं

सुरुवात कशी झाली ते पाहा. फाटणं एका विशिष्ट फटक्यावर होतं. खेळाडूला तो क्षण पक्का आठवतो आणि रिप्लेमध्येही सापडतो: पाय सरकला, चेहरा बदलला, पुढचं पाऊल तोकडं पडलं. गोळा आधी चाहूल देतो. पॉइंट संपल्यावर खेळाडू पाय झटकतो, पोटरी ताणतो, कॅमेरा जवळ गेला तर कातडीखाली स्नायू फडफडताना दिसतो. मग एखाद्या सर्व्हिसनंतर पुढच्या पायावर उतरताना तो पाय दगडासारखा कडक होतो.

मग जागा बघा. गोळा फिरतो: डावी पोटरी, नंतर उजवी मांडी, नंतर हात. रॅकेटवर आवळलेली बोटं दुसऱ्या हाताने सोडवणारा खेळाडू दिसला तर वादच संपला, तो गोळाच. फाटलेला स्नायू मात्र जागा सोडत नाही. दुखणं नेमक्या त्याच ठिकाणी राहतं आणि फिजिओ बोटाने दाबतो तेव्हा चेहरा तिथेच आक्रसतो.

ताणण्याची परीक्षा सगळ्यांत भरवशाची. गोळा आलेला स्नायू ताणला की सुटतो, म्हणून फिजिओ पाय सरळ करून पाऊल वर ढकलतो. फाटलेला स्नायू ताणला तर दुखणं वाढतं, म्हणून फिजिओ तो हलक्या हाताने तपासतो, पट्टी घट्ट बांधतो, वेदनाशामक गोळी देतो. गोळे येत असलेला खेळाडू खुर्चीवर बसायलाही बिचकतो. बसलं की स्नायू आखूड होतो आणि उठताना पुन्हा धरतो, म्हणून चेंजओव्हरमध्ये, म्हणजे बाजू बदलतानाच्या विश्रांतीत, तो उभा राहिलेला किंवा येरझाऱ्या घालताना दिसतो.

माझ्या मते मात्र खेळाडू काय धरतो यापेक्षा काय करायचं सोडतो, ते जास्त सांगून जातं. हॅमस्ट्रिंग दुखावलेला खेळाडू एका बाजूच्या रुंद चेंडूंवर पाणी सोडतो. दुसऱ्या बाजूला तोच खेळाडू व्यवस्थित पळतो. पोट दुखावलं की टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, खाली येतो, उडी कमी होते, सपाट सर्व्हिसची जागा स्लाइस (चेंडू कापून फिरवलेली सर्व्हिस) घेते आणि वेग पडतो. टप्पा पडल्यावर मारायचे फटके, म्हणजे ग्राउंडस्ट्रोक, मात्र बरे राहतात. २०२२च्या विम्बल्डन उपांत्यपूर्व सामन्यात टेलर फ्रिट्झविरुद्ध नदालचं हेच झालं. घरचे खुणेने सोड म्हणत होते, पण तो पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये (६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये) जिंकला. नंतर पोटाच्या स्नायूला ७ मिलिमीटरची फाट असल्याचं वृत्त आलं आणि उपांत्य सामना न खेळताच त्याने माघार घेतली. गोळे येणाऱ्याचं सगळंच एकदम ढासळतं. पॉइंट दोन-तीन फटक्यांत संपवायची घाई, अवेळी ड्रॉप शॉट, पाय न हलवता मारलेले फोरहँड. आणि दहा मिनिटांनी तोच माणूस पुन्हा धावायला लागतो. इथेच "नाटक होतं" हा आरोप जन्माला येतो. खरं तर गोळ्याचा स्वभावच ये-जा करण्याचा आहे.

नियम

दुखापत असेल तर तीन मिनिटांचा मेडिकल टाइमआउट मिळतो. ही तीन मिनिटं तपासणी संपून उपचार सुरू झाल्यावर मोजतात. फिजिओला यायला लागलेला वेळ आणि तपासणी यांत धरत नाहीत, त्यामुळे सात-आठ मिनिटं खेळ थांबला तरी नियम मोडलेला नसतो. कारण काय ते प्रतिस्पर्ध्याला सांगायचं बंधनही नाही. वावरिंकाची तक्रार माणूस म्हणून पटते, नियमात मात्र तिला आधार नव्हता.

गोळ्याला टाइमआउट नाही. उपचार फक्त बाजू बदलताना किंवा सेट संपल्यावर, म्हणजे ९० किंवा १२० सेकंदांत, आणि तेही एका सामन्यात दोनदाच. दुखापत म्हणून खेळ थांबवला आणि फिजिओने गोळा ठरवला तर लगेच खेळायला उभं राहावं लागतं. तेवढंही जमत नसेल तर पुढच्या चेंजओव्हरपर्यंतचे पॉइंट किंवा गेम सोडून द्यायचे. अल्काराझने तेच केलं. तिसऱ्या सेटमध्ये १-१ असताना त्याने पुढचा गेम सोडून दिला, कारण खुर्चीवर बसायची पहिली संधी तिसऱ्या गेमनंतरच येते (पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात, पण बसू देत नाहीत). तो सामना पुढे ६-३, ५-७, ६-१, ६-१ असा जोकोविचकडे गेला.

हा नियम पूर्वी याहून कठोर होता. १९९५च्या यूएस ओपनमध्ये जपानचा शुझो मात्सुओका गोळ्यांनी कोर्टवर कोसळून ओरडत होता आणि कोणी हात लावला असता तर तो बाद ठरला असता, म्हणून सगळे नुसते बघत राहिले. त्यानंतर उपचारांना मुभा मिळाली. पुढे मुभेचा गैरफायदा दिसू लागला, तेव्हा गोळ्याचा टाइमआउट काढून घेतला गेला.

खरी गोची अधल्यामधल्या प्रकरणांत होते. दमलेल्या मांडीला गोळा आला की जांघ ताणली गेली, हे कोर्टवरच बोटांनी ठरवायचं असतं, तिथे स्कॅन नसतो. शंका असेल तर फिजिओ आणि स्पर्धेचे डॉक्टर म्हणतील तेच अंतिम. ते बहुधा खेळाडूच्या बाजूने झुकतात, आणि ते रास्तच आहे: फाटलेल्या स्नायूला गोळा समजून जोरात ताणलं तर नुकसान वाढतं. उष्माघाताची लक्षणं असतील तर गोळ्यांवरचा उपचारही त्या आजाराच्या उपचारात धरला जातो.

मग पळाला कसा?

हा प्रश्न जोकोविचइतका कोणाच्याच वाट्याला आला नसेल. २०२३मध्ये मेलबर्नला मांडीला पट्टी बांधून त्याने ॲलेक्स डी मिनॉरला अवघे पाच गेम दिले आणि पुढे विजेतेपदही घेतलं. स्पर्धेच्या संचालकांनी नंतर ३ सेंटिमीटरची फाट होती असं सांगितलं. २०२५मध्ये तिथेच अल्काराझविरुद्ध पहिल्या सेटमध्ये हॅमस्ट्रिंग धरलं, तो आत जाऊन आला, पहिला सेट गेला, पुढचे तिन्ही त्याने घेतले. औषधाचा परिणाम नंतर सुरू झाला, असं त्याने सांगितलं. वेदनाशामक गोळी पोटात गेल्यावर लागू पडायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे जवळपास एक सेट. त्यामुळे टाइमआउटनंतर लगेच खेळ ढासळणं आणि सेटभराने सुधारणं हे सोंगापेक्षा गोळीच्या वेळापत्रकाशी जास्त जुळतं. पण गोळी फाट शिवत नाही. उपांत्य सामन्यात झ्वेरेवविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावल्यावर त्याने खेळ सोडला आणि दुसऱ्या दिवशी एमआरआयचं चित्रच लोकांसमोर ठेवलं.

दुखावलेल्या माणसासमोर खेळणं सोपं असतं, हाही एक गैरसमज. तो गमावण्यासारखं काही नसल्यागत दणादण मारतो. समोरचा मात्र चूक होऊ नये म्हणून जपून खेळू लागतो. २०१४चा तिसरा सेट वावरिंकाने असाच घालवला. पण पहिल्या सेटमध्ये त्याने जो बॅकहँड मारला तो नदालच्या पाठीने मारून दिला नव्हता.

निकालाच्या रात्री वाद मिटत नसेल तर पुढच्या स्पर्धांच्या माघारींची यादी बघा. पॅरिसमधल्या त्या पेटक्यांनंतर अल्काराझने त्याच जूनमध्ये लंडनची क्वीन्स स्पर्धा आणि जुलैत विम्बल्डन जिंकलं. ऑक्टोबर २०२५मध्ये शांघायला सिनर पेटक्यांमुळे लंगडत बाहेर पडला आणि त्याच महिन्यात व्हिएन्नात चॅम्पियन झाला. २०२२च्या विम्बल्डनमधल्या फाटीनंतर मात्र नदालने मॉन्ट्रियलची स्पर्धा सोडली, ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला परतला आणि पहिलाच सामना बोर्ना चोरिचकडून हरला.