कृपा आणि कृत्ये : नाशिकच्या ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात

माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो देवाने आपणहून केलेल्या प्रेमामुळे की स्वतःच्या सत्कृत्यांमुळे, हा ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूळ प्रश्न. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याविषयी बोलताना ‘कृपेने तारण’ आणि ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत. कृपा म्हणजे माणसाची लायकी न पाहता देवाने दाखवलेली माया. विश्वास म्हणजे अमुक गोष्टी खऱ्या आहेत असे नुसते मान्य करणे नसून त्या मायेवर भार टाकणे.

सत्कृत्ये करावीत की करू नयेत असा हा वाद आहे, असा समज पुष्कळदा होतो. तो चुकीचा आहे. भुकेल्याला जेवू घालावे, खोटे बोलू नये, याबद्दल कोणत्याही मंडळीत दुमत नाही. मतभेद आहे तो क्रमाचा आणि भिस्तीचा. चांगले वागल्याने देव जवळ करतो, की देवाने जवळ केल्याने माणूस चांगला वागू लागतो? आणि आयुष्याचा हिशेब द्यायची वेळ आली की माणसाने कशावर भिस्त ठेवायची?

शास्त्राधार

या विचाराचा मुख्य आधार म्हणजे नव्या करारातील प्रेषित पौलाची पत्रे. गलतीकरांस पत्रातला वाद अगदी व्यवहारातला आहे. यहुदी नसलेल्या माणसाने ख्रिस्तावर विश्वास ठेवला, तर त्याने सुंताही करून घ्यावी का, खाण्यापिण्याचे नियमही पाळावेत का? पौलाचे उत्तर ठाम नकाराचे होते. पुढे रोमकरांस पत्रात त्याने याच उत्तराचे तत्त्व केले. इफिसकरांस पत्रात (२:८-१०) हा विचार सर्वांत थोडक्यात येतो. तारण हे दान आहे, ते कृत्यांनी मिळालेले नाही आणि म्हणून कोणाला बढाई मारायला जागा नाही. हा उतारा पाठ म्हणताना बहुतेक जण नवव्या वचनाशी थांबतात. दहाव्यात लगेच पुढचा भाग येतो, की माणूस सत्कृत्यांसाठीच घडवला गेला आहे.

याकोबाच्या पत्राचा सूर वेगळा. अंगावर वस्त्र नसलेल्या भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ एवढेच सांगून वाटेला लावणारा विश्वास काय कामाचा, असे तो विचारतो. कृत्यांवाचूनचा विश्वास त्याच्या लेखी मेलेला आहे. दोघेही दाखला देतात तो अब्राहामाचाच, आणि निष्कर्ष मात्र उलटे वाटतात. उंबऱ्याबाहेर उभा असलेला माणूस आत कसा येतो, हे पौल सांगतो. आत येऊन बसलेल्याने हातपाय हलवायचे की नाही, हे याकोब विचारतो. एवढा फरक ध्यानात ठेवला की दोघांतला विरोध बराचसा मावळतो, पुरता मात्र मावळत नाही. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरला तर याकोबाचे पत्र कधीच फारसे मानवले नाही.

येशूच्या दाखल्यांत हाच विषय वाद न घालता येतो. मंदिरात प्रार्थनेला गेलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आपले उपास आणि दशांश (उत्पन्नाचा देवाला दिलेला दहावा हिस्सा) मोजून दाखवतो. जकातदार लांब उभा राहून, वर न पाहता, फक्त दया मागतो. निर्दोष ठरून घरी जातो तो जकातदार (लूक १८). त्या काळचा जकातदार म्हणजे रोमनांसाठी आपल्याच लोकांना नाडणारा माणूस, हे लक्षात घेतले तर ऐकणाऱ्यांना ही गोष्ट किती खटकली असेल याची कल्पना येते.

वादाचा इतिहास

पाचव्या शतकात पेलागियस या धर्मोपदेशकाने माणसाच्या इच्छाशक्तीवर भर दिला आणि उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने त्याला विरोध केला. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते त्याज्य ठरवली. १५१७ मध्ये लूथरने पापदंडाच्या माफीपत्रांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि प्रश्न पुन्हा पेटला. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका मांडली. आरंभ कृपेनेच होतो, परंतु माणूस त्या कृपेला साथ देतो आणि त्यातून त्याचे नीतिमत्त्व वाढते, असा तिचा आशय. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांपैकी अकरावे कलम विश्वासाने नीतिमान ठरण्याचे आहे. बारावे सांगते, की फळावरून झाड ओळखावे तसा जिवंत विश्वास सत्कृत्यांवरून ओळखावा. नाशिकला हा विचार आला तो या कलमांच्या वाटेने. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या, चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील चर्च मिशनरी सोसायटीने १८३० च्या दशकात येथे काम सुरू केले.

शरणपूर

१८५० च्या दशकात नाशिक गावाच्या पश्चिमेला सोसायटीने शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. तिच्या उभारणीत रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांचा मोठा वाटा होता. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या बहुतेकांना हे नाव बँका, दुकाने आणि वाहतुकीच्या कोंडीमुळे ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात मात्र तिथे अनाथालय, शाळा आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारी कार्यशाळा होती.

या वसाहतीत आफ्रिकेतली मुलेही होती. अरबी समुद्रात गुलामांचा व्यापार करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईमार्गे शरणपूरला आणले जाई. गुलामाची किंमत चुकती करून त्याला सोडवणे ही पौलाची आवडती उपमा. युरोपातल्या वाचकाला ती एव्हाना पुस्तकी झाली होती. या मुलांच्या बाबतीत ती जवळजवळ अक्षरशः घडलेली होती. सुटकेसाठी त्यांनी काही केले नव्हते आणि त्यांना करता येण्यासारखेही काही नव्हते. जे शिकायचे, कमवायचे, ते सगळे सुटकेनंतर.

पुढे त्यांतल्या काहींनी जे केले ते इतिहासात नोंदले गेले आहे. आफ्रिकेत भ्रमंती करणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या मोहिमेत ‘नासिक बॉईज’ म्हणून ओळखले जाणारे तरुण होते. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह आफ्रिकेच्या अंतर्भागातून शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीत पेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. प्राइस पुढे पूर्व आफ्रिकेत गेले आणि मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभी राहिली. तिच्या उभारणीत नाशिकहून गेलेली माणसे कामी आली.

शरणपूरची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. निवारा, अन्न, शाळा आणि धर्म एकाच हातून मिळत असतील, तर दान निरपेक्ष राहते का? ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे आणि दुष्काळांच्या काळात तो अधिक धारदार झाला. टोमणा मारणारे धर्मांतराला सौदा समजत होते. पण उपासनेतील हजेरी आणि वर्तन यांवर करडी नजर ठेवणाऱ्या मिशनच्या शिस्तीतही सौद्याचा वास येऊ शकत होता. फुकट कृपेचा उपदेश करणारी संस्था चालवायला मात्र हजेरीपट लागतो, ही अडचण नाशिकपुरती नाही.

जलालपूर ते देवाचा दरबार

नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मचरित्रात, ‘स्मृतिचित्रे’मध्ये, या विषयाची सर्वांत जिवंत सामग्री सापडते, आणि ती धर्मशास्त्र म्हणून लिहिलेली नाही, हेच तिचे बळ. त्यांचे वडील कमालीचे सोवळे पाळत. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन शुद्ध झाली पाहिजे, या हट्टापायी सगळे घर जेरीस आलेले होते. लक्ष्मीबाई हे सांगतात ते हसत हसत. पण कितीही धुतले तरी पुरेसे शुद्ध झाल्याची खात्री न पटणारा तो माणूस वाचकाच्या मनातून जात नाही. मठात असताना तासन्‌तास पापकबुली देऊनही समाधान न होणारा लूथर याच जातीचा.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले होते. ते सोवळे गळून पडले ते कोणाच्या युक्तिवादाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी विचार केला आणि उत्तर मिळताच जुने ओझे खाली ठेवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. पुढे अनाथ मुलांचा सांभाळ आणि प्लेगच्या साथीतली शुश्रूषा ही कामे त्यांच्या हातून घडली, पण त्यांचा पुण्याच्या खात्यात जमाखर्च मांडल्याचे त्यांच्या लिखाणात कुठे दिसत नाही. त्यांची अखेरची वर्षे नाशिकमध्ये गेली. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

टिळकांची वाट निराळी होती. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने दिलेला नवा करार वाचताना त्यांना खिळवून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे शुभवर्तमानातल्या सर्वांत कठोर नैतिक मागण्यांनी. पौलाची कृपामीमांसा नंतर आली. शिवाय आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. त्या काळच्या मिशनरी पुस्तिकांत एक सोपी विभागणी असे, की हिंदू परंपरा म्हणजे स्वतःच्या कर्मावर विसंबणे आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा. टिळकांचा अनुभव त्या विभागणीत बसत नाही. आपल्या अंगी काही नाही, देवाने सांभाळले तरच खरे, हा भाव वारकरी अभंगांत ठायी ठायी आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत तर मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्षच पडले. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते; भक्त यांतला कोणता, असा तो वाद होता. फरक आहे तो ख्रिस्ती विचारात ही कृपा येशूच्या क्रूसावरील मृत्यूशी बांधलेली असते, यात. १९१७ मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. त्यांची भजने आजही मराठी उपासनेत गायली जातात.

द्राक्षमळ्याचा दाखला

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला दाखला नाशिक जिल्ह्यात जितका अंगावर येतो तितका क्वचितच कुठे येत असेल. मळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो, मग दिवसभरात पुन्हापुन्हा जाऊन आणखी आणतो, अगदी दिवस मावळायला तासभर उरला असतानाही. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो आणि तीही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात.

निफाड-दिंडोरीच्या बागांत छाटणी, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) ही कामे करायला पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात. काम रोजाने तरी असते किंवा उक्ते, एकरावर ठरवलेले. दोन्हींत हिशेब चोख असतो आणि असायलाच हवा. म्हणून या भागातल्या ऐकणाऱ्याची पहिली सहानुभूती कुरकुरणाऱ्यांकडे जाते, आणि दाखल्याला तेच हवे आहे. उशिरा आलेल्यांना धनी विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ‘आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही,’ असे ते उत्तर देतात. उपदेशांत हे वाक्य बहुधा घाईत निसटते. उशिरा आलेले आळशी होते असे कथा कुठेही म्हणत नाही. नाक्यावर उरलेल्या म्हाताऱ्या, अशक्त माणसांच्या घरीही संध्याकाळी चूल पेटायची असते, आणि एका दिवसाची मजुरी म्हणजे एका दिवसाचे जेवण. धन्याने पहाटेच्या मजुरांचे काही बुडवलेले नाही. कृपेचा त्रास होतो तो नेहमी आपल्या बरोबरीला बसवलेल्या दुसऱ्याकडे पाहून.

नवस आणि कृपा

नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात दर फेब्रुवारीत मोठी यात्रा भरते. दूरदूरहून भाविक येतात, त्यांत अन्यधर्मीयही पुष्कळ असतात. या भक्तीचे मूळ प्रागमधील मूर्तीत आहे. ती १६२८ मध्ये तेथील कार्मेलाइट संन्याशांना मिळाली. यात्रेत मेणबत्त्या लावल्या जातात, नवस बोलले आणि फेडले जातात. काही प्रॉटेस्टंटांच्या मते देवाशी असा देण्याघेण्याचा व्यवहार म्हणजे पुन्हा कृत्यांवर विसंबणे. कॅथलिक शिकवणुकीनुसार नवस हे देवाला स्वेच्छेने दिलेले वचन आहे. त्याने कृपा विकत मिळत नाही. प्रत्यक्ष रांगेत उभ्या असलेल्या आईच्या मनात या दोहोंतले काय असते हे बाहेरून ठरवणे कठीण. आजारी लेकरासाठी मेणबत्ती लावणारी बाई सौदा करते आहे असे म्हणायला बरेच धाडस लागते. आणि नवस न बोलणाऱ्या मंडळ्यांतही ‘मी नियमित उपासनेला येतो, दशांश देतो, तरी माझ्यावरच हे संकट का’ हा प्रश्न पाळकांना ऐकावा लागतोच. परूशाची प्रार्थना ही कोणा एका पंथाची मिरास नाही.

सद्यःस्थिती

नाशिकमध्ये आज रोमन कॅथलिक धर्मप्रांत (स्थापना १९८७) आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा धर्मप्रांत असे दोन्ही आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अँग्लिकनांसह अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या एकीकरणातून १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झाले. याशिवाय स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत. जागतिक पातळीवर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने स्वीकारला जातो आणि तीच कृपा त्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करते, हे दोघांनी एकत्र मान्य केले. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि कॅल्विनच्या परंपरेतील सुधारित (रिफॉर्म्ड) मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या. पुण्यसंचय, मृतांसाठी प्रार्थना आणि संतांची मध्यस्थी यांवरचे मतभेद मात्र अजून कायम आहेत.