उपचार की सौंदर्य? कोरियातल्या चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया आणि त्यांच्या किमतीची पार्श्वभूमी

कोरियात चेहऱ्यावरच्या कोणत्या शस्त्रक्रियेला किती पैसे पडतात, हे समजून घ्यायचं तर सोलच्या गंगनम भागातल्या क्लिनिकांच्या जाहिरातींआधी २०१४ च्या फेब्रुवारीत बदललेला मूल्यवर्धित कराचा एक नियम वाचायला हवा. कोणत्या शस्त्रक्रियेला ‘उपचार’ म्हणायचं आणि कोणतीला ‘सौंदर्य’, याची सरकारी रेघ त्यात ओढलेली आहे. विमा, कर, बिलावरचं नाव या सगळ्या गोष्टी त्या रेघेशी बांधलेल्या आहेत.

आधी दर, अगदी ढोबळ. दहा लाख वॉन म्हणजे साधारण ६० हजार रुपये, एवढं धरून चालू. पापणीवर दुहेरी घडी आणणारी ‘सांगकॉपुल’ नुसत्या टाक्यांनी केली, म्हणजे ‘मेमोल’ पद्धतीने, तर दहा ते वीस लाख वॉन. कातडी कापून केली, म्हणजे ‘जॉलगे’, तर त्याहून बरीच महाग. नाकाला तीस ते साठ लाख. बिघडलेलं नाक बरगडीचं कूर्चा घेऊन पुन्हा करायचं असेल, तर आकडा कोटी वॉनच्या घरात जाऊ शकतो. गालाचं हाड, जबडा आणि हनुवटी एकत्र कोरण्याला तिथे ‘युनग्वाक’ म्हणतात, त्याला ऐंशी लाखांपासून पुढे. वरचा-खालचा जबडा कापून सरकवण्याची ‘यांगाक’ सर्वांत महाग, दीड-दोन कोटी वॉनच्या आसपास. ही झाली स्थानिक माणसाची किंमत. परदेशी पाहुण्याला दलालाचं कमिशन धरून बऱ्याचदा जास्त सांगितली जाते.

जुना इतिहास थोडक्यात. शरीर, केस, कातडी आईवडिलांनी दिलेली आहे, तिला इजा करू नये, ही कन्फ्यूशियन शिकवण तिथे इतकी खोल होती की १८९५ च्या अखेरीस पुरुषांनी शेंडीचा अंबाडा कापावा असा हुकूम निघाला तेव्हा देशभर उठाव झाले. पापणीवर टाके घालून घडी पाडण्याची शस्त्रक्रिया त्याच सुमाराला, १८९६ मध्ये, शेजारच्या जपानमध्ये नोंदली गेली. कोरियातली सुरुवात मात्र बहुतेक ठिकाणी कोरियन युद्धानंतर आलेल्या एका अमेरिकन लष्करी सर्जनच्या नावे सांगतात. भाजलेल्या, जखमी माणसांचे चेहरे नीट करायला तो आला होता. तिथे एका कोरियन दुभाष्याने डोळे ‘गोल’ करून मागितले, अमेरिकनांचा आपल्यावर विश्वास बसावा म्हणून. सर्जनने १९५५ मध्ये त्यावर लिहिलं. या गोष्टीला अवास्तव महत्त्व मिळालं असं मला वाटतं. आज गंगनममध्ये पापणी करून घेणाऱ्या मुलीला अमेरिकन दिसायचं नसतं. तिला आपल्या वर्गमैत्रिणीसारखं, पडद्यावरच्या कोरियन नायिकेसारखं दिसायचं असतं.

खरा धक्का १९९७ च्या आर्थिक संकटाने दिला. नोकऱ्या गेल्या, उरलेल्या थोड्या जागांसाठी रांगा लागल्या आणि अर्जावर फोटो चिकटवण्याची रीत होतीच. ‘चेहरा हीसुद्धा पात्रता’ हे तेव्हा घरोघरी बोललं जाऊ लागलं. बारावीनंतरची सुट्टी पापणीच्या शस्त्रक्रियेचा हंगाम झाली. २०१५ च्या एका जनमत चाचणीत १९ ते २९ वयोगटातल्या ३१ टक्के स्त्रियांनी सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतल्याचं सांगितलं. नोकरीसाठी उमेदवाराचं रूप, उंची, वजन विचारायला कायद्याने बंदी आली ती थेट २०१९ मध्ये, तीही तीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरती.

आता कराकडे. वैद्यकीय सेवा तिथे मूल्यवर्धित करातून मुक्त होत्या. सौंदर्यशस्त्रक्रियेवर विमा नाही, त्यामुळे दरावर कुणाचं नियंत्रण नाही आणि पैसे रोखीने घेतले की हिशेबातही येत नाहीत, हे सरकारला खुपत होतं. २००० च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षं उलटा प्रयोग झाला: सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च पगारदारांना आयकराच्या वजावटीत दाखवू दिला, म्हणजे पावत्या मागितल्या जातील आणि डॉक्टरांची कमाई उजेडात येईल. मग २०१० मध्ये डॉक्टर-वकिलांसारख्या व्यावसायिकांना ठरावीक रकमेवरच्या रोख व्यवहाराची पावती सक्तीची झाली. जुलै २०११ मध्ये पाच प्रकारांवर दहा टक्के कर बसला: पापणी, नाक, स्तनांचा आकार बदलणे, चरबी काढणे, सुरकुत्या काढणे. गालाची हाडं आणि जबडा कोरणं यादीत नव्हतं. सर्वांत महाग आणि सर्वांत जोखमीच्या शस्त्रक्रियाच सुटल्या होत्या.

२०१४ ने ही फट बुजवली, पण ज्या शब्दांत बुजवली ते शब्दच वादाचे ठरले. चेहऱ्याची ठेवण बदलणाऱ्या सगळ्या शस्त्रक्रिया आत आल्या. जन्मजात व्यंग, गाठ काढल्यानंतरची पुनर्रचना आणि आधीच्या सौंदर्यशस्त्रक्रियेने झालेल्या बिघाडावरचा उपचार बाहेर राहिला. जबड्याबद्दलचा मजकूर असा: जबडा सरळ करण्याची शस्त्रक्रिया करपात्र, मात्र तिच्याआधी दात सरळ करण्याचे उपचार झाले असतील तर नाही. त्या एका अटीत केवढं काय सामावलं आहे पाहा. जबडा पुढे आलेला, घास नीट चावता येत नाही अशा रुग्णाला पूर्वी आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावायला सांगत आणि मग शस्त्रक्रिया. क्लिनिकं तेव्हा ‘आधी शस्त्रक्रिया, तारा नंतर’ हा झटपट मार्ग विकत होती. नियमाने वैद्यकीय गरज मोजली ती उपचारांच्या क्रमावरून. दोन माणसांचा जबडा सारखाच वाकडा, पण एकाला कर आणि दुसऱ्याला माफी, केवळ तारा आधी लावल्या म्हणून. करअधिकाऱ्याला तपासायला सोपी खूण हवी होती, हे कळतं. तरी रुग्णाच्या बाजूने पाहता ही रेघ मला अन्यायाची वाटते. याच यादीत मुरुमांवरचे उपचारही ‘सौंदर्य’ म्हणून टाकले गेले. ज्याच्या गालावर पू भरलेले फोड आहेत अशा सोळा वर्षांच्या मुलाला हे कसं समजावायचं?

पापणीच्या बाबतीत गुंता शब्दातच आहे. ‘नुनमे ग्योजॉन्ग’ म्हणजे शब्दशः डोळ्यांच्या ठेवणीची दुरुस्ती. यात पापणी उचलणारा स्नायू आखूड करतात, त्यामुळे बुबुळ जास्त दिसतं. नेमकं हेच पापणी लोंबण्याच्या आजारावरही करतात. पापणी बाहुलीवर येऊन दिसण्यात अडथळा होत असेल तर तो आजार, राष्ट्रीय विमा खर्च उचलतो. थोडीशीच लोंबत असेल तर ते सौंदर्य, सगळा खर्च खिशातून, वर कर. स्नायू तोच, टाका तोच, बिलावरचा शब्द वेगळा. क्लिनिकांनी हा शब्द सांगकॉपुलच्या पॅकेजला जोडला आणि ‘तुमच्या पापणीला थोडी दुरुस्तीही लागेल’ म्हणत दर वाढवला. दुसरीकडे खासगी आरोग्यविम्याचे पैसे मिळावेत म्हणून नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया ‘नाकाचा पडदा वाकडा असल्याचा उपचार’ म्हणून नोंदवली जाऊ लागली. यात रुग्णही गुन्ह्यात अडकतो, हे त्याला क्लिनिकमधली सल्लागार बाई सांगत नाही.

२००९ मध्ये परदेशी रुग्ण आणायला कायद्याने परवानगी मिळाली. त्या वर्षी साधारण साठ हजार आले. एप्रिल २०१६ पासून परदेशी पाहुण्यांना सौंदर्यशस्त्रक्रियेवरचा कर परत मिळण्याची सोय सुरू झाली. म्हणजे सोलमध्ये राहणारी शिक्षिका कर भरत होती आणि विमानाने आलेली पाहुणी विमानतळावर तो परत घेत होती. सवलत तात्पुरती म्हणून आली, पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि २०२५ च्या अखेरीस संपली.

गर्दी वाढली तशी ‘युर्योंग सुसुल’, म्हणजे भुताची शस्त्रक्रिया, हा शब्द पुढे आला. सल्ला द्यायला नामवंत सर्जन, भूल चढली की हत्यार दुसऱ्याच्या हाती. कोरियात कुठल्याही परवानाधारक डॉक्टरला सौंदर्यशस्त्रक्रिया करता येते. तज्ज्ञ नसलेला डॉक्टरही पाटीवर ‘तपासणीचा विषय: प्लास्टिक सर्जरी’ असं लिहू शकतो, फक्त अक्षरं लहान हवीत. सप्टेंबर २०१६ मध्ये २४ वर्षांचा एक तरुण जबडा कोरून घ्यायला गेला. मुख्य डॉक्टर हाड कापून दुसऱ्या रुग्णाकडे वळला आणि रक्तस्राव थांबवण्याचं काम बराच वेळ साहाय्यक परिचारिकेवर राहिलं. काही आठवड्यांनी तो तरुण गेला. त्याच्या आईने शस्त्रक्रियागृहातलं चित्रण मिळवलं, ते पुन्हा पुन्हा पाहिलं, कोण किती वेळ खोलीत होतं याची मिनिटामिनिटाची नोंद केली आणि वर्षानुवर्षं संसदेसमोर फलक घेऊन उभी राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये शस्त्रक्रियागृहात कॅमेरे सक्तीचे करणारा कायदा झाला, २५ सप्टेंबर २०२३ ला तो लागू झाला. डॉक्टरांच्या संघटनांनी शेवटपर्यंत विरोध केला.

कायद्यात तिने मागितलेलं सगळं आलं नाही. रुग्ण शुद्धीत नसेल अशाच शस्त्रक्रियांना तो लागू आहे आणि चित्रणाची मागणी रुग्णाने किंवा घरच्यांनी करावी लागते. तातडीची किंवा अतिजोखमीची शस्त्रक्रिया असल्याचं कारण देऊन डॉक्टर नकार देऊ शकतो. चित्रण पाहायला मिळण्यासाठी पोलीस, न्यायालय किंवा वैद्यकीय तंटे सोडवणाऱ्या सरकारी संस्थेची मागणी हवी, नाहीतर खोलीत असलेल्या प्रत्येकाची संमती. चित्रण निदान तीस दिवस जपायचं. जबड्यावरची सूज उतरायला आणि ओठ-हनुवटीची बधिरता जाते की राहते हे कळायला त्याहून जास्त दिवस लागतात.

२०२४ मध्ये परदेशी रुग्णांची संख्या ११ लाख ७० हजारांच्या आसपास पोहोचली. त्यातले निम्म्याहून जास्त त्वचेच्या क्लिनिकांत गेले: सुया, लेझर, जबड्याच्या स्नायूत बोटॉक्स. प्लास्टिक सर्जरीकडे गेलेले साधारण अकरा टक्के. बोटुलिनम, म्हणजे बोटॉक्समधलं औषध, देशी बनावटीचं बाजारात आल्यापासून सुईचे दर इतके उतरले आहेत की काही ठिकाणी ती जेवणाच्या बिलाएवढ्या पैशांत मिळते. त्वचा उजळवणं, रंध्रं आक्रसवणं, वय लपवणं हे सगळं २०१४ च्या त्याच यादीत, मुरुमांच्या शेजारी आहे.