बारव खाली निमुळती का होते?

मराठवाड्यातल्या जुन्या बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, काठावर उभं राहिलं की मला आधी खर्च दिसतो. पाणीच हवं होतं तर साधी गोल विहीर खणून रहाट बसवला असता, काम भागलं असतं. यादवकाळात, म्हणजे १२व्या-१३व्या शतकात, एवढा घडीव दगड जमिनीखाली कशासाठी उतरवला?

मेहनतीच्या हिशोबातही पायऱ्या हरतात. पंधरा लिटरची घागर घेऊन बाई सहा मीटर चढते तेव्हा पंधरा किलो पाण्यासोबत स्वतःचं पन्नास किलोचं वजनही वर आणते. पोहरा ओढणाऱ्याला फक्त पाणी आणि भिजलेला दोर उचलायचा असतो. पण रहाटाशी एका वेळी एक-दोघंच उभे राहतात, पायऱ्यांवर अख्खी आळी उतरते. आणि तो सहा मीटरचा चढ उन्हाळ्यातला. भाद्रपदात पाणी वरच्या टप्प्यांपर्यंत आलेलं असतं, वाकलं की घागर बुडते.

खरी गोम खडकात आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाण्याच्या बाबतीत कंजूष. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तिथून ते हळूहळू पाझरतं. रात्रभर साचू द्यायचं आणि सकाळी भरायचं, असा तो व्यवहार. अरुंद विहीर इथे लवकर तळ दाखवते. रुंद खड्डा खणला तर जास्त भेगा उघड्या पडतात आणि पाझर साठवायला जागाही मिळते. बारव विहीरही असते आणि हौदही.

आता आकार बघा. समजा, वर २० मीटर बाजूचा चौकोन आहे आणि तळाशी ५ मीटर बाजूचा. काठोकाठ भरली असताना पाण्याचा पृष्ठभाग ४०० चौरस मीटर, तळाला गेल्यावर २५. कडक उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडालं असं धरलं, तर वरच्या मापाने रोजचा तोटा ४,००० लिटर, खालच्या मापाने २५०. अडीचशेहून जास्त घागरींच्या जागी सतरा! ऊन वाढतं तसा पाण्याचा उघडा भाग आपोआप आक्रसत जातो. साध्या उभ्या विहिरीत हे होत नाही.

याची उलटी बाजूही आहे. वरची ३० सेंटिमीटरची पायरी उघडी पडते तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास लिटर पाणी संपलेलं असतं. तळाजवळची तेवढीच पायरी साडेसात हजार लिटरची. म्हणून पौषात एकेक पायरी दिसायला वेळ लागतो आणि वैशाखात पायऱ्या भराभर उघड्या पडतात. पायऱ्या म्हणजे गावाची मोजपट्टी, फक्त तिच्यावरच्या खुणा सारख्या किमतीच्या नाहीत.

टप्प्यांचं दुसरं काम भिंत उभी ठेवण्याचं. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो: उंची तिप्पट, तर रेटा नऊपट. नऊ मीटरची एकच उभी भिंत बांधण्याऐवजी तीन-तीन मीटरचे टप्पे पुरेसे मागे-मागे सरकवत नेले, तर प्रत्येक भिंतीच्या वाट्याला त्या रेट्याचा नववा हिस्सा येतो. पावसाळ्यात भिंतीमागे पाणी तुंबलं तर भर पडते ती वेगळीच, दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टन. इथे चुन्याशिवाय रचलेले कोरडे सांधे कामाला येतात. तुंबू पाहणारं पाणी त्यांतून बारवेत झिरपतं, भिंतही वाचते आणि पाणीही मिळतं. या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा १३व्या शतकातला मंत्री. पद्धत त्याच्या आधीची, नाव मात्र त्याचं चिकटलं.

जमीन बदलली की बांधकाम बदलतं. गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव (वाव म्हणजे तिकडची बारव) ११व्या शतकातली, सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल. तिथे खाली नदीचा गाळ आणि वाळू, पाणीही खोल. त्यामुळे पायऱ्यांचा लांबच लांब उतार आणि त्यावर मजल्यांमागून मजले. आपण त्यातल्या मूर्ती बघतो, पण त्या खांब-तुळया दोन्ही बाजूंच्या भिंतींना आत झुकण्यापासून अडवून धरतात. आपल्याकडच्या बारवेला असा आधार सहसा लागत नाही, मुरूम आणि खडक बराच भार स्वतः पेलतात.

शिल्पग्रंथांत बारवांची वर्गवारी दारांवरून आहे: एका वाटेची नंदा, दोनची भद्रा, तीनची जया, चारची विजया. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार फिरत तळाशी जातात. ती यातल्या कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही.

भिंतींत देवकोष्ठं, म्हणजे देव बसवायचे कोनाडे, असतात. देव पाण्याजवळ बसवला की पाण्यात घाण करायला हात धजत नाही, असं म्हणतात. माझा यावर पूर्ण विश्वास नाही, कारण पायऱ्यांनी एक जंतूही सांभाळला: नारू. पायाला नारूचा फोड आलेला माणूस गार पाण्यात उतरला की अळ्या पाण्यात सुटत, सूक्ष्म जलपिसवा त्या गिळत आणि तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात जाई. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांवर रहाट किंवा हातपंप बसवणं हा नारू निर्मूलनाचा एक मोठा भाग होता. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे बुजवलेल्या प्रत्येक बारवेमागे निव्वळ बेपर्वाईच होती असं नाही.

बाकीचं काम १९७२च्या दुष्काळानंतर पसरलेल्या बोअरवेलनी केलं. खोलवरून उपसा सुरू झाला, वरच्या मुरमातलं पाणी खाली गेलं आणि रिकाम्या बारवांत कचरा साचला. आता गावोगावी लोक गाळ उपसतायत, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावतायत. अशी उपसलेली बारव दिसली तर शेवटच्या टप्प्यापर्यंत उतरा आणि दोन दगडांमधल्या सांध्यावर तळहात ठेवा. तिथे ओल लागली, तर पाझर अजून जिता आहे.