खोट्या संगणकापासून हलत्या पुलापर्यंत

संगणक जोडी जुळवून देईल, अशी जाहिरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९६०च्या दशकातच झाली होती, आणि ती साफ खोटी होती. पहिल्या वर्षाच्या ३७६ मुलांनी आणि ३७६ मुलींनी नाचाच्या कार्यक्रमासाठी फॉर्म भरले, पण जोड्या लावताना त्यांतलं काहीच विचारात घेतलं नाही. मुलगा मुलीपेक्षा बुटका नसावा, एवढंच पाहिलं. आणि तिकीट घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या रूपाला चौघं जण गुपचूप गुण देत होते.

हा खटाटोप इलेन वॉल्स्टर (पुढच्या इलेन हॅटफिल्ड) आणि सहकाऱ्यांचा. माणूस आपल्या तोलामोलाचा जोडीदार शोधतो, असा त्यांचा कयास होता. १९६६ साली निष्कर्ष छापून आले, ते वेगळेच होते. शाळेतले मार्क, बुद्धिमत्तेच्या आणि स्वभावाच्या चाचण्या, कशावरूनच पसंती सांगता येईना. पसंती ठरवत होतं फक्त समोरच्याचं रूप. स्वतः बेताच्या रूपाच्या मुलामुलींनाही देखणाच जोडीदार हवा होता. अर्थात अडीच तासांच्या ओळखीत दुसरं दिसणार तरी काय? प्रत्यक्ष जोडप्यांच्या पुढच्या अभ्यासांत तोलामोलाचा कयास बराचसा खरा ठरला.

त्याआधी कोण कुणाला आवडतं हा प्रश्न संशोधकांनी नकाशावर सोडवायचा प्रयत्न केला होता. जेम्स बोसार्ड यांनी फिलाडेल्फियातले १९३१ सालचे ५,००० विवाह परवाने तपासले. जवळपास एक तृतीयांश जोडपी एकमेकांपासून पाच चौकांच्या अंतरात राहणारी निघाली. १९५० साली लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्रीचा हिशोब मांडला. तिथे घर निवडायला फारसा वाव नव्हता, तरी शेजारच्या दाराशी मैत्री सर्वांत जास्त, आणि त्याच मजल्यावर चार दारं पलीकडे ती कितीतरी कमी. चाळीत वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ साली त्यामागचं एक कारण दाखवलं: एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते.

सर्वांत गाजला तो कॅनडातला प्रयोग. नॉर्थ व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीच्या खोल दरीवर झुलता पूल आहे. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांच्या १९७४च्या अभ्यासात तो ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी प्रश्नावली भरायला देई आणि आपला फोन नंबर देऊन ठेवी. या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. दुसऱ्या एका भक्कम पुलावर १६ पैकी अवघ्या दोघांनी. धडधड भीतीची, पण मनाने ती तरुणीच्या खाती जमा केली, असा अर्थ लावला गेला. संख्या लहान आहे, आणि झुलत्या पुलावर जाणारे मुळातच धाडसी असतील ही शंकाही रास्त. लेखकांनी त्याच पुलावरून येऊन थोडा विसावलेल्या पुरुषांशी तुलना करून या शंकेला उत्तर द्यायचा प्रयत्न केला.

१९७५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी उधळपट्टीला द्यायचा आपला पहिला उपहासात्मक पुरस्कार नेमका प्रेमावरच्या संशोधनाला दिला. मानसशास्त्रज्ञ एलेन बर्शिड यांना मिळालेलं ८४,००० डॉलरचं अनुदान त्यांना खुपलं. माणूस प्रेमात का पडतो हे गूढच राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. टीका हॅटफिल्डनाही झेलावी लागली, आणि त्या तेव्हा शिकवत होत्या विस्कॉन्सिनमध्येच!

संशोधन थांबलं नाही. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २००८ साली झटपट भेटींच्या कार्यक्रमात तपासलं: आधी लिहून दिलेल्या अपेक्षा आणि प्रत्यक्षात आवडलेली माणसं यांचा मेळ बसेना. आपल्याकडे विवाहमंडळाच्या फॉर्मातला 'अपेक्षा' हा रकाना भरणाऱ्यांनी हे वाचावं. २०१७ साली समँथा जोएल यांच्यासोबत त्यांनी शंभराहून अधिक गुणविशेषांची माहिती खऱ्याखुऱ्या संगणकाला पुरवली. कोण सगळ्यांनाच आवडेल आणि कुणाला बरेच जण आवडतील, हे त्याला काही प्रमाणात सांगता आलं. अमुक एकाला नेमकी तमुकच का आवडेल, हे मात्र आलं नाही.